मेक्सिकोचे परदेशी गुरु : फ्राय बेर्नार्दिनो दे साआगुन

आमच्या विद्यार्थ्यांनीं इतिहासाच्या पुस्तकांत मेक्सिको देशाचें नांव वाचलेलेंच आहे. एर्नान कोर्तेस नांवाच्या स्पॅनिश सरदारानें १५२१ सालीं तेनोच्तित्लान ही सरोवरांत वसलेली राजधानी वेढा घालून घेतली व मेशीका लोकांचें राज्य बुडविलें, एवढी हकीकत बहुतेकांच्या स्मरणांत असते. देश जिंकणाऱ्यांचीं नांवें इतिहासांत ठळक अक्षरांनीं छापलीं जातात. परंतु त्या जेत्यांच्या मागोमाग त्याच देशांत आलेले, एकसष्ट वर्षें तेथें राहिलेले आणि अखेर तेथल्याच मातींत विसावलेले एक शिक्षक होते. मेक्सिकोच्या इतिहासांत त्यांचें नांव आज मोठ्या आदरानें घेतलें जातें. जिंकलेल्या लोकांनीं जिंकणाऱ्यांच्या माणसास आपलें म्हणावें, ही गोष्ट सहज घडत नाहीं. ती कशी घडली, आणि त्या लोकांच्या मायेची फेड या परदेशी गुरूंनीं कशी केली, हें आमच्या वाचकांस सांगावें असा या लेखाचा हेतु आहे.

बेर्नार्दिनो यांचा जन्म १४९९ च्या सुमारास स्पेन देशाच्या लेओन प्रांतांतील साआगुन या गांवीं झाला. आपल्याकडे गांवाच्या नांवास कर हा प्रत्यय जोडून जसें आडनांव होतें, तसेंच त्या काळच्या भिक्षूंचें आडनांव पुष्कळदां गांवावरून पडे. म्हणून ते साआगुनचे बेर्नार्दिनो झाले. फ्राय हा शब्द तिकडे भिक्षूच्या नांवामागें लावतात. सालामांका येथील विद्यापीठ त्या वेळीं साऱ्या युरोपांत नांवाजलेलें होतें. तेथें त्यांचें शिक्षण झालें, व त्याच शहरीं त्यांनीं संत फ्रान्सिसच्या पंथाची दीक्षा घेतली. या पंथाच्या भिक्षूंनीं स्वतःचें म्हणून कांहींच बाळगावयाचें नसतें. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी, कारण पुढें याच नियमानें त्यांच्या जन्माच्या कामांत मोठा खोडा घातला. तरुणपणीं ते दिसावयास इतके देखणे होते कीं, मठांतील वृद्ध भिक्षु त्यांस फारसें लोकांच्या दृष्टीस पडूं देत नसत, अशी एक गमतीची आठवण जुन्या चरित्रकारांनीं नमूद करून ठेविली आहे.

१५२९ सालीं वीसएक भिक्षूंची एक तुकडी मेक्सिकोस जावयास निघाली, तींत तिशीच्या घरांतले बेर्नार्दिनो होते. कोर्तेसनें स्पेनच्या राजास दाखविण्याकरितां मेक्सिकोंतील कांहीं सरदारांस युरोपांत नेलें होतें. तेही त्याच सुमारास मायदेशीं परत चालले होते, आणि या सरदारांपासूनच बेर्नार्दिनो यांनीं तेथील भाषेचे पहिले धडे घेतले असावे, असें अभ्यासक मानतात. जहाजाच्या फळीवर ते सरदार परके होते. बंदरांत पाऊल ठेवतांच परके झाले ते बेर्नार्दिनो. त्या दिवसापासून मायदेश त्यांस पुन्हां कधींच दिसला नाहीं.

मेक्सिकोच्या त्या खोऱ्यांतील लोकांची भाषा नाहुआत्ल. ती शिकणें युरोपीय माणसास सोपें नव्हतें, कारण तिच्यांत लहान लहान शब्द एकमेकांस जोडून लांबच लांब शब्द बनतात. आमच्या संस्कृतांतील समासांची येथें आठवण व्हावी. शिवाय ती भाषा मोठी विनयशील आहे. आपण नांवापुढें जी किंवा राव लावतों, त्याप्रमाणें नाहुआत्लमध्यें आदर अथवा माया दाखविण्यासाठीं त्सिन हा प्रत्यय नांवास लागतो. तेव्हां ही भाषा शिकूं इच्छिणाऱ्यास केवळ शब्द पाठ करून भागत नसे. कोणाशीं कसें बोलावें, वडिलांसमोर कसें वागावें, पाहुण्याचें आगतस्वागत कसें करावें, हेंही त्याबरोबर शिकावें लागे. थोरामोठ्यांच्या घरच्या मेजवानींत आलेल्या पाहुण्यास सुगंधी तमाखूची नळी व फुलें आदरपूर्वक द्यावयाचीं, मग भोजन वाढावयाचें, आणि शेवटीं कोकोच्या बियांचें फेसाळ पेय पुढें करावयाचें, अशी त्या लोकांची रीत होती. हे सारे बारकावे बेर्नार्दिनो यांनीं नुसते पाहिले नाहींत. पुढें ते ओळीनें लिहून ठेविले.

देश ओळखावयाचा तर तो पायांखालीं घालावा लागतो. पहिल्या कांहीं वर्षांत ते त्लाल्मानाल्को या गांवीं असत. त्या गांवाच्या माथ्यावर पोपोकातेपेत्ल व इस्ताक्सिउआत्ल हीं दोन हिमाच्छादित शिखरें उभीं आहेत. दोन्ही सतरा हजार फुटांहून उंच. त्यांपैकीं पहिलें जागृत ज्वालामुखी आहे. या दोन्ही पर्वतांवर आपण चढून गेलों होतों असें त्यांनीं लिहून ठेविलें आहे.

त्यांच्या आयुष्याचें खरें कार्य सुरू झालें तें मात्र शाळेंत. राजधानीच्या उत्तरेस त्लातेलोल्को हें जुनें व्यापारी शहर होतें. तेथें ६ जानेवारी १५३६ रोजीं सांता क्रूस, म्हणजे पवित्र क्रूस, या नांवाचें विद्यालय उघडण्यांत आलें. व्हाइसरॉय आंतोनियो दे मेंदोसा व बिशप हुआन दे सुमार्रागा हे दोघेही समारंभास जातीनें हजर होते, आणि शहरांतील फ्रान्सिस्कन मठापासून विद्यालयापर्यंत मिरवणूक निघाली होती. आरंभीं सुमारें साठ मुलगे दाखल झाले. हे सारे तेथील सरदार घराण्यांतले, दहा-बारा वर्षांचे. त्यांच्या वसतिगृहाचें वर्णन त्या काळच्या मेंदिएता नांवाच्या इतिहासकार भिक्षूनें दिलें आहे, तें आमच्या वसतिगृहांतील मुलांस वाचावयास आवडेल. मधोमध चालण्याची वाट व दोन्ही बाजूंस ओल लागूं नये म्हणून लांकडी फळ्यांचे उंच ओटे. त्यांवर प्रत्येकास एक चटई व एक कांबळें. पुस्तकें व कपडे ठेवण्यास प्रत्येकाची कुलूप-किल्लीची निराळी पेटी. आणि रात्रभर जळणारा दिवा. आमच्या मुलांच्या पत्र्याच्या ट्रंका आणि या पेट्या यांत चारपांचशें वर्षांचें अंतर आहे, परंतु घर सोडून आलेल्या मुलाचें मन तेथेंही तेंच असलें पाहिजे.

या मुलांस बेर्नार्दिनो लॅटिन शिकवीत. शहरांतील स्पॅनिश लोक या खटाटोपास हंसत. या देशांतील मुलांस लॅटिन व्याकरण कधींच येणार नाहीं, अशी त्यांची खात्री होती. दोन-तीन वर्षांत मुलें लॅटिन समजूं, बोलूं व लिहूं लागलीं, इतकेंच नव्हे तर लॅटिन पद्यें रचूं लागलीं. मग हंसणाऱ्यांनीं सूर बदलला, व या लोकांस लॅटिन शिकवून काय उपयोग, उलट धोकाच आहे, असें म्हणावयास आरंभ केला. मेंदिएतानें यासंबंधीं एक मजेदार गोष्ट सांगितली आहे. एका पाद्र्यानें विद्यालयाच्या एका मुलाची परीक्षा घेण्याकरितां त्याजकडून प्रार्थना व विश्वासांगीकार म्हणवून घेतला. मुलगा बिनचूक म्हणत होता; पण एका शब्दाचा शेवट चुकला असें त्या पाद्र्यानें ठासून सांगितलें. वास्तविक चूक पाद्र्याचीच होती. तेव्हां मुलानें अत्यंत नम्रपणें, लॅटिन भाषेंतच, आपण सांगतां त्या रूपाची विभक्ति कोणती, एवढेंच विचारलें. पाद्र्यास लॅटिन येत नव्हतें. त्यास उत्तर देतां येईना! व्याकरणाच्या तासास कंटाळणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनीं या मुलास अवश्य आठवावें.

याच विद्यालयांत १५५२ सालीं एक प्रसिद्ध वैद्यकग्रंथ तयार झाला. मार्तीन दे ला क्रूस या मेशीका वैद्यानें देशी वनस्पतींचे उपचार सांगितले व हुआन बादियानो या त्याच्याच देशबांधवानें ते लॅटिनमध्यें उतरविले. बेर्नार्दिनो यांच्या शिष्यांपैकीं आंतोनियो व्हालेरियानो हा पुढें विद्यालयांत शिक्षक झाला, व मेक्सिको शहरांतील देशी लोकांचा कारभारी म्हणून त्यानें वीस वर्षांहून अधिक काळ काम पाहिलें. गुरूंनीं शिष्यांस लॅटिन दिलें. शिष्यांनीं गुरूंस नाहुआत्ल दिली. भिक्षु नाहुआत्लमध्यें प्रवचनें लिहीत, तेव्हां हे विद्यार्थी त्यांच्या चुका दाखवून देत, आणि आमच्या पुस्तकांत जें कांहीं निर्दोष आहे तें यांच्यामुळें आहे अशी कबुली बेर्नार्दिनो यांनीं मोकळेपणानें दिली आहे.

येथें एक अप्रिय गोष्ट सांगणें भाग आहे. चरित्र लिहितांना गुणच गुण सांगावयाचे ही चाल आम्हांस बरी वाटत नाहीं. बेर्नार्दिनो हे आपल्या काळाचे होते. जुन्या देवळांच्या विध्वंसांत भिक्षूंनीं भाग घेतला, व तें कार्य योग्यच झालें असें त्यांचेंही मत होतें. १५३९ सालीं तेश्कोको येथील सरदार दोन कार्लोस यांजवर धर्मद्रोहाचा खटला झाला, व त्यांस जाळून ठार करण्यांत आलें. त्या खटल्यांत दुभाषांचें काम करणाऱ्यांत बेर्नार्दिनो होते. जी भाषा त्यांस त्या लोकांनीं प्रेमानें शिकविली, तीच त्या दिवशीं त्यांच्यांतील एकास मृत्यूकडे नेण्याच्या कामीं आली. ख्रिस्ती मनुष्यास हें वाचून दुःख व्हावें, आणि तें झांकून ठेवूं नये, असें आम्हांस वाटतें.

यानंतर सहा वर्षांनीं, १५४५ सालीं, मेक्सिकोवर भयंकर सांथ आली. युरोपीय लोक येण्यापूर्वीं अशा सांथी त्या देशास ठाऊक नव्हत्या. घरेंच्या घरें ओस पडलीं. त्लातेलोल्को येथें आपण स्वतः दहा हजारांवर प्रेतें पुरलीं, अशी नोंद बेर्नार्दिनो यांनीं केली आहे. सांथीच्या अखेरीस ते स्वतःही आजारी पडून मरणाच्या दारीं गेले; पण वांचले. दहा हजार कबरी! त्यांतील किती जणांच्या घरीं ते गेले असतील, किती मुलें त्यांच्या वर्गांतील असतील, याची कल्पनाच करावी. परकेपणाची भिंत अशा दिवसांत टिकत नाहीं.

जीं माणसें मरत होतीं, त्यांच्याबरोबर त्यांच्या जवळचें ज्ञानही मातीआड होत होतें. सांथीनंतर दोनच वर्षांनीं, १५४७ सालीं, बेर्नार्दिनो यांनीं वृद्ध लोकांच्या मुखांतून जुनीं उपदेशभाषणें लिहून घेतलीं. मेशीका लोकांत आयुष्याच्या प्रत्येक प्रसंगास शोभेल असें भाषण ठरलेलें असे. मूल जन्मास आलें म्हणजे सुईण त्यास थकून आलेल्या वाटसरूप्रमाणें मानून त्याचें स्वागत करी. मुलाची नाळ रणभूमींत पुरीत व मुलीची चुलीजवळ. बाप मुलास व आई मुलीस वयांत आल्यावर जवळ बसवून उपदेश करीत, आणि त्यांत लेंकराला रत्नांच्या हाराची व मोलाच्या पिसाची उपमा देत. नम्रतेनें वाग, फार मोठ्यानें बोलूं नको, झोंपेच्या आहारीं जाऊं नको, वडिलांनीं हांक मारली तर दुसऱ्या हांकेची वाट पाहूं नको, असा त्या उपदेशाचा आशय आहे. हें सारें वाचतांना आम्हांस तर आमच्याच घरांतील वडीलधारीं माणसें बोलत आहेत असा भास झाला. ज्या लोकांस स्पॅनिश शिपाई रानटी म्हणत, त्यांच्या घरांत एवढी माया व एवढी शिस्त नांदत होती, हें बेर्नार्दिनो यांनीं कागदावर सिद्ध करून दाखविलें. जुनें राज्य मोडतांना मुलांस वळण लावण्याची जुनी रीतही आम्ही मोडली, व त्यामुळें तरुणांचें नुकसान झालें, हें आपल्याच देशबांधवांस न रुचणारें सत्यही त्यांनीं लिहून ठेविलें.

१५५८ सालीं त्यांच्या पंथाचे प्रांतप्रमुख फ्रान्सिस्को दे तोराल यांनीं त्यांस नव्या कामाची आज्ञा केली. या लोकांचा धर्म, चालीरीति, विद्या व भाषा यांविषयीं जें जें उपयुक्त असेल तें नाहुआत्लमध्यें लिहावें, अशी ती आज्ञा होती. जुना धर्म नीट कळल्याशिवाय भिक्षूंस त्याचें निदान करतां येणार नाहीं, जसा रोग न ओळखतां वैद्यास औषध देतां येत नाहीं, हा त्यामागील विचार होता. मात्र काम जसजसें वाढत गेलें, तसतसें तें या हेतूच्या कितीतरी पलीकडे गेलें.

प्रारंभ तेपेपुल्को या गांवीं झाला. बेर्नार्दिनो यांनीं तेथील मुख्यास व प्रतिष्ठित गृहस्थांस बोलावून आपला हेतु सांगितला व ज्यांच्याशीं बोलतां येईल अशीं जाणतीं माणसें द्यावीं अशी विनंति केली. त्यांनीं लगेच होकार दिला नाहीं. आपसांत विचार करावा लागेल, असें म्हणून ते निघून गेले. दुसऱ्या दिवशीं मुख्य आपल्या मंडळींसह परत आला. रीतीप्रमाणें मोठ्या गांभीर्यानें भाषण झालें, आणि दहा-बारा वयोवृद्ध, अनुभवी गृहस्थ त्यांनीं बेर्नार्दिनो यांच्या स्वाधीन केले. आम्हांस या चरित्रांतील हा प्रसंग सर्वांत मोलाचा वाटतो. आपलें राज्य ज्यांनीं घेतलें, आपलीं देवळें ज्यांनीं पाडलीं, त्यांच्यांतील एकापाशीं आपलें मन उघडें करावें किंवा नाहीं, याचा त्या वृद्धांनीं एक रात्र विचार केला असला पाहिजे. नाहीं म्हणावयास त्यांच्याजवळ शेंकडों कारणें होतीं. तरीही त्यांनीं होय म्हटलें. माणुसकीचा ओलावा म्हणतात तो याहून निराळा कोणता असतो?

पुढें सुमारें दोन वर्षें ही बैठक चालली. वृद्ध मंडळी आपल्या जुन्या पद्धतीप्रमाणें चित्रें काढून माहिती देत, व विद्यालयांत शिकलेले चार माजी विद्यार्थी त्या चित्रांखालीं नाहुआत्लमध्यें अर्थ लिहीत. नंतर १५६१ च्या सुमारास त्लातेलोल्को येथें आणखी आठ-दहा जाणत्यांकडून तो सर्व मजकूर तपासून व वाढवून घेण्यांत आला. शेवटीं राजधानींतील मठांत तीन वर्षें बसून त्यांनीं त्याचीं बारा पुस्तकें पाडलीं. अशा रीतीनें एकच मजकूर तीन ठिकाणीं तीन वेळां चाळून काढला गेला. आपल्या मदतनीसांचीं नांवें त्यांनीं ग्रंथांत आवर्जून दिलीं आहेत : अस्कापोत्साल्कोचा आंतोनियो व्हालेरियानो, क्वाउतित्लानचे आलोन्सो व्हेखेरानो व पेद्रो दे सान बुएनाव्हेंतुरा, त्लातेलोल्कोचा मार्तीन हाकोबिता. लेखनिकांचीं व औषधीविद्या तपासणाऱ्या देशी वैद्यांचींही नांवें आहेत. त्या काळीं विद्यार्थ्यांच्या श्रमावर आपलें नांव घालणें कोणासही गैर वाटलें नसतें. म्हणून ही गोष्ट विशेष होय.

या बारा पुस्तकांत काय नाहीं? देव, सण, शकुन, सूर्य-चंद्राच्या कथा, राजे, व्यापारी, कारागीर, रोग व औषधें, पशु, पक्षी, झाडें, धातु, सर्व कांहीं आहे. बाजारांत तऱ्हेतऱ्हेच्या मिरच्या व टोमॅटो विकणारा माणूस तेथें आपल्याला भेटतो. टोमॅटो हा शब्दच मुळीं नाहुआत्लमधील तोमात्ल यावरून आला आहे, आणि आपली मिरची ही त्याच खंडांतून पोर्तुगीज लोकांच्या जहाजांवरून आपल्या किनाऱ्यास लागली. दसऱ्यास आपण दारावर ज्याचें तोरण बांधतों तो झेंडूही मूळचा मेक्सिकोचा. त्याचें वर्णनही या ग्रंथांत आहे. बाराव्या पुस्तकांत तर स्पॅनिश स्वारीचा सारा इतिहास, ज्यांनीं तो सोसला त्या लोकांच्या तोंडून सांगितलेला आहे. जेत्यांपैकीं एकानें जितांची बाजू त्यांच्याच भाषेंत लिहवून घ्यावी, असें जगाच्या इतिहासांत क्वचितच घडलें असेल.

परंतु चांगल्या कामास विघ्नें फार. १५७० सालीं पंथाच्या सभेंत कांहीं जणांनीं असा आक्षेप काढला कीं, लेखनिकांस पैसे देऊन ग्रंथ लिहविणें हें आपल्या दारिद्र्यव्रतास शोभत नाहीं. लेखनिकांस रजा द्यावी व बेर्नार्दिनो यांनीं हवें तर स्वतःच्या हातानें लिहावें, असें ठरलें. त्या वेळीं त्यांचें वय सत्तरीच्या पुढें होतें व हात इतका कांपत असे कीं त्यांस लेखणी धरवत नसे. प्रांतप्रमुखांनीं पुस्तकें त्यांच्याजवळून घेऊन निरनिराळ्या मठांत वांटून टाकिलीं. पांच वर्षें काम ठप्प झालें. १५७५ सालीं रोद्रिगो दे सेकेरा हे नवे अधिकारी आले. त्यांस ग्रंथाची योग्यता कळली, व त्यांनीं तो स्पॅनिश भाषांतरासह पुन्हां नीट लिहवून घेण्याची व्यवस्था केली. लगेच दुसऱ्या वर्षीं, १५७६ सालीं, पुन्हां सांथ उसळली. रोज माणसें मरत होतीं, आणि विद्यालयांत चित्रकार व लेखनिक काम करीतच होते. ग्रंथाच्या शेवटच्या भागांतील अनेक चित्रें रंगाविना राहिलीं आहेत. सांथीच्या दिवसांत रंगच मिळेनासे झाले, असें अभ्यासक त्याचें कारण देतात. तीं काळीं-पांढरीं पानें पाहिलीं म्हणजे त्या मुलांची चिकाटी डोळ्यांपुढें उभी राहते.

ग्रंथ पुरा होत आला, तोंच स्पेनचा राजा दुसरा फिलिप याचा २२ एप्रिल १५७७ चा हुकूम निघाला. हा ग्रंथ गोळा करून स्पेनला पाठवावा, आणि या लोकांच्या जुन्या समजुती व राहणी यांविषयीं यापुढें कोणीही कोणत्याही भाषेंत लिहूं नये, असा तो हुकूम होता. सेकेरा यांनीं १५८० सालीं एक सचित्र प्रत युरोपांत नेली. आपल्या ग्रंथाचें पुढें काय झालें, तो कोणाच्या हातीं आहे, हें बेर्नार्दिनो यांस अखेरपर्यंत कळलें नाहीं. त्यांच्या हयातींत त्यांचें छापून निघालेलें पुस्तक एकच : १५८३ सालचें नाहुआत्ल भाषेंतील ख्रिस्ती गीतांचें. तरीही ते स्पेनला परत गेले नाहींत, निराश होऊन बसलेही नाहींत. ऐंशी वर्षें उलटल्यावरही त्यांचें शिकविणें व लिहिणें चालूच होतें.

१५९० सालीं पडशा-खोकल्याची सांथ आली व त्लातेलोल्को येथें ते आजारी पडले. सोबत्यांनीं त्यांस शहरांतील मठाच्या रुग्णालयांत हलविण्याचा आग्रह धरला. माझी वेळ अजून आलेली नाहीं, उगाच कां त्रास देतां, असें म्हणून ते रागावले. पण मंडळींनीं नेलेंच. दोन दिवसांनीं ते पुन्हां त्लातेलोल्कोस परतले. कांहीं दिवसांनीं दुखणें उलटलें, तेव्हां मात्र आतां वेळ आली हें त्यांनीं स्वतःच ओळखलें. त्यांनीं विद्यालयांत वाढविलेल्या आपल्या मेशीका मुलांस जवळ बोलाविलें, एकेकाचा निरोप घेतला, आणि मगच शहरांत जावयास ते तयार झाले. तेथेंच त्यांचें देहावसान झालें. अंत्यविधीस लोकांची दाटी झाली होती, व विद्यालयाचे विद्यार्थी आपले झगे व पट्टे परिधान करून शोक करीत प्रेतयात्रेंत चालले होते. त्या गर्दींत बेर्नार्दिनो हे परदेशी आहेत असें कोणाच्या मनांत तरी आलें असेल काय?

ग्रंथाची ती सचित्र प्रत फिरत फिरत इटलींतील फ्लॉरेन्स शहरीं मेदिची घराण्याकडे गेली व तेथील लॉरेन्शियन ग्रंथालयांत आजही सुरक्षित आहे. प्रत्येक पानाच्या डाव्या बाजूस स्पॅनिश, उजव्या बाजूस नाहुआत्ल, आणि एकंदर सुमारें अडीच हजार चित्रें, असें तिचें स्वरूप आहे. दुसऱ्या एका प्रतीवरून मूळ स्पॅनिश मजकूर १८२९ सालीं मेक्सिकोंतच प्रथम छापला गेला, त्या वेळीं ग्रंथकर्त्यास वारून दोनशें एकोणचाळीस वर्षें झालीं होतीं. २०१५ सालीं युनेस्कोनें बेर्नार्दिनो यांचें हें कार्य जगाच्या स्मृतिठेव्यांत नोंदविलें, आणि आज तो सचित्र ग्रंथ संगणकावर कोणासही पाहतां येतो. ज्यांचे पूर्वज तेपेपुल्कोच्या त्या बैठकींत बसले होते, त्यांच्या वंशजांस आज आपली भाषा, आपलीं औषधें व आपल्या आजीचे उपदेश त्यांत वाचावयास मिळतात. दुसऱ्या फिलिपचा हुकूम मात्र केव्हांच निरर्थक झाला.

या चरित्रापासून काय घ्यावें? बेर्नार्दिनो यांचे दोष आम्ही वर सांगितले आहेत. ते त्यांच्या गुणांनीं पुसले जात नाहींत. पण एक गोष्ट निश्चित. शिकवावयास म्हणून आलेला हा मनुष्य जेव्हां वही घेऊन वृद्धांसमोर विद्यार्थी म्हणून बसला, तेव्हांच तो त्या देशाचा झाला. आणि त्यास आपलें म्हणण्याचा मोठेपणा मूळचा त्या लोकांचा होता. बेर्नार्दिनो यांनीं तो ओळखला व जन्मभर त्याचें ऋण मानलें, यांत त्यांचा मोठेपणा आहे.

आमच्या विद्यार्थिमित्रांनीं येत्या सुटींत एक लहानसें काम करावें. घरीं आजोबा-आजी असतील, शेजारीं कोणी वृद्ध शेतकरी, सुईण किंवा वैदू असेल, तर त्यांच्यापाशीं एक वही घेऊन बसावें. जात्यावरच्या ओव्या, झाडपाल्याचीं औषधें, जुन्या दुष्काळाच्या हकीकती, पाखरांचीं गांवठी नांवें, जें सांगतील तें त्यांच्याच शब्दांत उतरून घ्यावें, व ज्यांनीं सांगितलें त्यांचें नांव खालीं लिहावें. पालकांनीं मुलांस यासाठीं थोडा वेळ काढूं द्यावा. आणि ते वृद्ध पहिल्या दिवशीं कांहीं बोलले नाहींत, तर तेपेपुल्कोची आठवण ठेवून दुसऱ्या दिवशीं पुन्हां जावें.